नाही म्हणायचं तर नीट म्हणा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुण्याच्या पेठांमधली बरीच धडधाकट मशिनं त्या दिवशी म्हातारी ठरली. चालत होती, अजून चालतात. पण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपची सोय किंवा नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही. नवं मशिन घ्यायला पैसे नसलेल्यांकडे, आणि पैसे असूनही ‘चालतंय की, कशाला बदलायचं’ म्हणणाऱ्यांकडे (हे लोक आपल्याकडे जास्त) मग लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टिम आली. ते बसवून देणारं माणूस बहुधा ठरलेलं असतं: भाचा, पुतणी, नाहीतर हिंजवडीत नोकरी करणारी शेजारीण. त्यातली शेजारीण म्हणजे मी.

बसवणं आता सोपं झालंय. तासाभरात होतं, चहा पिता पिता. खरे फोन नंतर सुरू होतात. बाजीराव रोडवरचे एक प्रकाशक काका, त्यांच्याकडे पानं लावणाऱ्या ताई, टिळक रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसातला मुलगा, सगळ्यांची तक्रार एकाच घाटाची: “दिसत नाही.” पेन ड्राइव्ह लावलाय पण दिसत नाही. फॉन्ट टाकलाय, यादीत दिसत नाही. पुस्तक उघडलं, चित्रं दिसत नाहीत. ‘परवानगी नाही असं म्हणतोय’ अशी तक्रार क्वचितच येते, कारण मशिन तसं म्हणतच नाही. माझा सगळा राग तिथे आहे.

मागे थोडं सांगायला हवं. लिनक्स ज्या जुन्या घराण्यातलं, त्या युनिक्सच्या परवानग्या रचल्या गेल्या तेव्हा एका मोठ्या मशिनवर अनेक माणसं बसत. एकाच्या फाइली दुसऱ्याने उघडू नयेत, एवढी काळजी होती. तुम्ही सुरू केलेला प्रोग्राम म्हणजे तुम्हीच, हे गृहीत होतं. घरच्या मशिनवर माणूस एकच असतो. मग त्या परवानग्या कोणापासून काय राखणार? पत्त्यांचा खेळ घेतला तरी तो तुमचं बँकेचं स्टेटमेंट वाचू शकतो, पासवर्डची फाइल वाचू शकतो, आणि कोणी त्याला हटकत नाही. कारण हिशेबात तो खेळ नाहीच, तो तुम्ही आहात.

हे बदलायचे मोठे प्रयत्न गेल्या दहा वर्षांतले. अलेक्झांडर लार्सन यांनी एक्सडीजी-ॲप नावाने सुरू केलेला प्रकल्प २०१६ मध्ये फ्लॅटपॅक झाला. त्याच वर्षी उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या १६.०४ आवृत्तीबरोबर, ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं स्नॅप आलं. दोन्ही ॲपं बसवायच्या पद्धती, आणि दोन्हींचा हेतू सारखा: ॲप आपल्याबरोबर लागणारी सामग्री घेऊन येईल, कुठल्याही लिनक्सवर चालेल, आणि सांगितलेल्या हद्दीत राहील. या हद्दीला सगळे सँडबॉक्स म्हणतात.

काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “मशिन माझं, फोल्डर माझा, पेन ड्राइव्ह माझा. मग मला नाही म्हणणारा हा कोण?”

प्रश्न चुकीचा नाही. फक्त ‘मला’ या शब्दापाशी घोटाळा आहे. नाही म्हटलंय ते काकांना नव्हे, काकांच्या वतीने वावरणाऱ्या प्रोग्रामला. पण पडद्यासमोर काका बसलेत, आणि कोणाला थांबवलंय, का थांबवलंय, यातलं काहीच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

नकाराच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही मी पुष्कळ पाहिल्यात. फ्लॅटपॅक मुळात ॲपसाठी वेगळंच जग उभं करतं. बबलरॅप नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्सच्या नेमस्पेस (प्रोग्रामला सिस्टिमचा वेगळा देखावा दाखवणारी सोय) वापरून ॲपला निराळी फाइलसिस्टिम दाखवतो. त्यात परवानगी दिलेले फोल्डर आणून जोडलेले असतात, बाकीचे नसतातच. अशा ॲपने काकांच्या पेन ड्राइव्हवरची फाइल मागितली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उत्तर देतो, अशी फाइल अस्तित्वात नाही. ॲप तेच पुढे सांगतं. ॲप खोटं बोलत नाही, त्याच्या जगात ती फाइल खरोखरच नाही. आणि समोर काका पेन ड्राइव्ह काढून, फुंकर मारून, परत लावतायत.

स्नॅपचा पहारा मुख्यतः ॲपआर्मर या कर्नलमधल्या पहारेकऱ्याकडे असतो. तिथे फाइल असते, पण उघडायला गेलं की ‘परवानगी नाकारली’ असं उत्तर मिळतं. निदान उत्तर खरं. शिवाय सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘डिनाइड’ अशी ओळ पडते आणि कोणत्या ॲपने नेमकी कोणती फाइल मागितली, ते त्यात लिहिलेलं असतं. लॉग बघणारीला ही ओळ म्हणजे देवाची कृपा. काका लॉग बघत नाहीत. आणि बरीच ॲपं ही दोन निरनिराळी उत्तरं एकाच मठ्ठ वाक्यात गुंडाळतात: ‘फाइल उघडता आली नाही.’

स्नॅपच्या नियमांतलं एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे फोन वाचतात: घरच्या फोल्डरातल्या, नावाआधी टिंब असलेल्या लपवलेल्या फाइली आणि फोल्डर त्याला वर्ज्य आहेत. पेन ड्राइव्हसाठी ‘रिमूव्हेबल-मीडिया’ नावाची जोडणी लागते आणि ती बहुतेक ॲपना आपोआप मिळत नाही, हाताने जोडून द्यावी लागते. आणि प्रत्येक स्नॅपचा टेंपररी फोल्डर स्वतंत्र असतो. हा तिसरा नियम फार छळतो. ईमेलमधून आलेलं काही टेंपररी फोल्डरमध्ये उतरतं, तिथून ब्राउझरमध्ये उघडायला जावं, तर ब्राउझर आपल्या खासगी, रिकाम्या टेंपररी फोल्डरात शोधतो आणि म्हणतो, फाइल नाही. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतो, त्यामुळे हा अनुभव घ्यायला मुद्दाम काही करावं लागत नाही.

आता ताईंच्या पुस्तकाची गोष्ट. सँडबॉक्सचं शहाणपण आणि त्याचा आंधळेपणा, दोन्ही मला तिथे एका जागी दिसले.

पुस्तक किल्ल्यांवरचं. पानं लावून झालेली, चित्रं शेजारच्या ‘चित्रे’ फोल्डरात, आणि मुख्य फाइलमध्ये त्यांचे फक्त पत्ते. पुस्तकाचं काम असंच करतात, नाहीतर फाइल अजस्र होते. ताईंनी फ्लॅटपॅकमधून बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओपन’ दाबलं. खिडकी उघडली. तिच्यात सगळं दिसत होतं: डेस्कटॉप, जुनी डिस्क, पेन ड्राइव्हसुद्धा. फाइल निवडली, पुस्तक उघडलं, मजकूर जिथल्या तिथे. आणि प्रत्येक चित्राच्या जागी काट मारलेली रिकामी चौकट.

“सगळं दिसतंय की गं त्याला,” ताई म्हणाल्या. “मग चित्रंच का खातोय?”

ती खिडकी ॲपची नव्हती, हे त्यांना कसं कळावं? तिला पोर्टल म्हणतात, आणि ती सँडबॉक्सच्या बाहेर चालते. भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी एखादी पोथी पाहायची तर आपण कपाटांपर्यंत जात नाही. सूचीत बघतो, चिठ्ठी लिहितो, आणि आतला माणूस ती पोथी टेबलावर आणून देतो. पोर्टल हेच करतं. सूची तुम्ही चाळायची, बोट तुम्ही ठेवायचं, आणि ॲपच्या टेबलावर येणार तेवढी एकच वस्तू. कल्पना इतकी चांगली आहे की मला तिचा हेवा वाटतो. वेगळी ‘परवानगी द्या’ची पाटी नको, कटकट नको. तुम्ही फाइल निवडलीत यातच तुमची संमती आली. पण किल्ल्यांच्या पुस्तकाचे नकाशे दुसऱ्या पुडक्यात होते आणि चिठ्ठीवर त्या पुडक्याचं नाव नव्हतं. ते कोणी आणून देणार नाही, आणि ‘आणखी एक पुडकं आहे बरं का’ असंही कोणी सांगणार नाही.

हीच गत सिनेमाबरोबर शेजारी ठेवलेल्या सबटायटल फाइलची. हीच स्वतःच्या मशिनवर साठवलेल्या वेबपानाची, ज्याचा मजकूर येतो आणि रंगरूप गायब होतं.

ताईंनी तोवर स्वतःच उपाय सुरू केला होता. एकेक चौकट निवडायची, खिडकीतून चित्र पुन्हा जोडायचं. चित्र येत होतं! त्या खूश होत्या. मी फाइलमधला पत्ता बघितला: रन, युजर, १०००, डॉक, त्यापुढे अक्षरं-आकड्यांची निरर्थक माळ, आणि शेवटी चित्राचं नाव. पोर्टल फाइल देतं ती अशा तात्पुरत्या खिडकीतून, आणि ॲपने तोच पत्ता पुस्तकात लिहून ठेवला होता. ताईंच्या मशिनवर तो चालला असता. छापखान्याच्या मशिनवर त्या पत्त्याला काही अर्थ नव्हता. पुस्तक प्रेसला गेल्यावर रायगड कोरा निघाला असता.

उपाय एका ओळीचा होता. टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, फ्लॅटपॅकच्या ‘ओव्हरराइड’ने त्या एका ॲपला कामाचा एक फोल्डर खुला करून दिला. ज्यांना टर्मिनलची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी फ्लॅटसील नावाचं छान ॲप आहे, तिथे हेच बटणं सरकवून होतं. फोल्डर एकदा असा खुला असला की पोर्टलसुद्धा त्यातल्या फाइलचा खरा पत्ता देतं, डॉकची माळ जाते, शेजारचा ‘चित्रे’ फोल्डर दिसतो. पत्त्यापुढे ‘आरओ’ जोडलं तर फोल्डर फक्त वाचण्यापुरता मिळतो. मूळ छायाचित्रांच्या फोल्डरला मी तो लावतेच.

काकांचं मत अर्थात वेगळं होतं. “एकेक कशाला? सगळं उघडून टाक की एकदाचं.”

असं करता येतं. ‘फाइलसिस्टिम’ला ‘होस्ट’ म्हटलं की झालं. इंटरनेटवर कुठल्याही अडचणीला पहिला सल्ला हाच मिळतो, आणि तो लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. मात्र एक कबूल करायला हवं. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या दुकानातली लिबरऑफिससारखी मोठी ॲपं मुळात पूर्ण फाइलसिस्टिमची परवानगी घेऊनच येतात, कारण जोडलेल्या फाइली, टेम्प्लेटं, चित्रं हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे आणि एकेका फाइलच्या चिठ्ठीवर त्यांचं भागत नाही. म्हणजे जिथे काम खरं गुंतागुंतीचं, तिथे कुंपण नावापुरतं. आणि गंमत म्हणजे ‘होस्ट’मध्येही सगळं येत नाही. टेंपररी फोल्डर, यूएसआर, ईटीसी वगैरे सिस्टिमचे फोल्डर त्यातून वगळलेले असतात. सगळं उघडूनही काहीतरी अडतंच, मग माणूस आणखी चक्रावतो.

फॉन्टची भानगड मला स्वतःला आवडली. काकांकडे वर्षानुवर्षांचा फॉन्टसंग्रह आहे आणि तो जुन्या डिस्कवर. आधीच्या हार्डवेअरवाल्याने नवी डिस्क बसवताना घरच्या फॉन्ट-फोल्डरात प्रत्येक फॉन्टचा सिमलिंक ठेवून दिला होता. साध्या बसवलेल्या सॉफ्टवेअरांना चालत होतं. फ्लॅटपॅक आलं आणि ताईंनी पहिलं पान बघताच सांगितलं, “हा ल आपला नाही.” खरंच नव्हता. हिंदी वळणाचा ल, हिंदी वळणाचा श. मूळ फॉन्ट न सापडल्यामुळे ॲपने हाताशी असलेला कुठलासा देवनागरी फॉन्ट उचलला होता आणि याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मजकूर वाचता येत होता, म्हणून नवख्याच्या लक्षातही आलं नसतं. ताईंचे डोळे पुण्याच्या शुद्धलेखनात मुरलेले, त्यांनी एका अक्षरावरून चोर पकडला.

फ्लॅटपॅक तुमचा फॉन्ट-फोल्डर आत नेतं, एवढी सोय त्यात आहे. पण सिमलिंक म्हणजे नुसती ‘तिकडे जा’ अशी खूण, आणि ‘तिकडे’ हे ठिकाण सँडबॉक्समध्ये नाही. फॉन्ट खरेखुरे कॉपी केले, काम झालं. कागदपत्रांच्या फोल्डराचंही तसंच होतं. घरात दिसतो, पण खरा दुसऱ्या डिस्कवर असतो, आणि स्नॅपचं ॲप त्याला हात लावू शकत नाही, कारण ॲपआर्मर खूण बघत नाही, शेवटचा खरा पत्ता बघतो. तिथे सिमलिंकऐवजी बाइंड माउंट करायचा, म्हणजे तो फोल्डरच घरात आणून जोडायचा. मग तो फोल्डर पत्त्यानेही घरातलाच ठरतो.

मला विचाराल तर या सगळ्यात कामाला येणारी युक्ती एकच: आत जाऊन बघायचं. फ्लॅटपॅकचं ॲप चालवताना त्याच्या कमांडऐवजी शेल (हुकूम टाइप करायची जागा) मागता येतं. स्नॅपलाही तशी सोय आहे. मग ॲपला दिसतं तेच तुम्हाला दिसतं. काकांचं घर, ज्यात पंचवीस वर्षांचा पसारा, आतून जवळपास रिकामं. कुठली लिनक्स आहे ते विचारलं तर उबुंटूचं नाव नाही, फ्रीडेस्कटॉपच्या रनटाइमचं नाव येतं, कारण ॲपच्या पायाखालची जमीनही निराळी आहे. इथे दोन मिनिटं हिंडलं की अंदाज बांधणं थांबतं. कुठली फाइल आहे, कुठली नाही, ते समोर असतं.

कंपॅटिबिलिटीच्या बाकी तक्रारी त्या मानाने कोरड्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर फ्लॅटपॅकमधला ग्राफिक्सचा भाग मशिनच्या ड्रायव्हरच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावा लागतो. ड्रायव्हर अपडेट झाला आणि फ्लॅटपॅक अपडेट करायचं राहिलं की सगळं रांगायला लागतं. जुन्या मशिनवर हलकाफुलका डेस्कटॉप घातला आणि पोर्टलचा योग्य जोडीदार (ती खिडकी प्रत्यक्ष दाखवणारा प्रोग्राम) नसला, तर ॲप सुरू व्हायला पंचवीस सेकंद घेतं. ती डी-बसची, म्हणजे प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोप्याची, उत्तराची वाट पाहण्याची मुदत असते. मुदत संपते, ॲप उघडतं, आणि ‘ओपन’ दाबल्यावर काही होत नाही. इथेही संदेश नाही.

टायपिंगचं मात्र सांगायलाच हवं. ताई इनस्क्रिप्टवर टाइप करतात. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट हा नुसता कीबोर्डचा लेआउट म्हणून मिळतो, कळ दाबली की अक्षर ठरलेलं, त्यामुळे सँडबॉक्सला त्यात नाक खुपसायला जागाच नाही. काकांचा नातू रोमन अक्षरांतून मराठी लिहितो. त्याला आयबससारखा मधला दुभाष्या लागतो, ॲपला त्या दुभाष्याशी बोलता यावं लागतं, आणि काही ॲपांत, विशेषतः वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या (क्रोमियम ब्राउझरवर बांधलेल्या) ॲपांत, ती बोलणी फिसकटतात. नातू चिडतो. ताई त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती त्याने पाहू नये.

टिळक रोडवरच्या सीएंच्या ऑफिसात मी हरले म्हणा, किंवा शहाणपणाने माघार घेतली. डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनसाठी ब्राउझरला त्या टोकनची एक लायब्ररी उचलावी लागते. ती बसते यूएसआरमध्ये, आणि सँडबॉक्समधल्या ब्राउझरसाठी बाहेरचा यूएसआर नाहीच. टोकनचा दिवा लुकलुकतो, ब्राउझर सर्टिफिकेट नाही म्हणतो. रिटर्नची शेवटची तारीख डोक्यावर. तिथे मी भिंतीला भोकं पाडत बसले नाही. मोझिला २०२४ पासून फायरफॉक्सचं साधं (स्नॅप नसलेलं) डेब पॅकेज स्वतः देते, ते बसवलं. सह्या करण्यापुरता हा ब्राउझर, बाकी भटकंतीला सँडबॉक्सवाला. कुठे कुंपण नको हे ठरवणंही सुरक्षेचाच भाग आहे, असं माझं मत. ऑफिसातल्या मुलाला मात्र दोन ब्राउझर म्हणजे चैन वाटते.

उबुंटू २४.०४ मध्ये तर याचा कळस बघायला मिळाला. सामान्य प्रोग्रामांनी वापरायच्या यूजर नेमस्पेसवर ॲपआर्मरने बंधनं आणली. कारण रास्त होतं, कर्नलमधल्या अनेक पळवाटांपर्यंत त्या वाटेने जाता येतं. पण क्रोमियमच्या पोटातला सँडबॉक्स त्याच नेमस्पेसवर उभा असतो. ॲपइमेज (एकाच फाइलमधलं, न बसवता चालणारं ॲप) म्हणून उतरवलेली इलेक्ट्रॉनची ॲपं त्यामुळे सुरूच होईनात, आणि लोक एकमेकांना ‘सँडबॉक्सशिवाय चालवा’ असं सांगू लागले. पहारा कडक केला म्हणून पहाराच काढून टाकायचा!

उबुंटू २४.१० पासून स्नॅपसाठी एक प्रायोगिक सोय आली आहे. ॲपने घरातली एखादी फाइल मागितली की नकार देऊन गप्प बसण्याऐवजी खिडकी उघडते: अमुक ॲपला अमुक फोल्डर वाचायचाय, देऊ का? एकदाच, की कायमचं? फोनवर आपण अशा खिडक्यांना न वाचता होकार देतो, तसंच इथेही होईल हे मला माहीत आहे. तरी मला ती हवी आहे. मी ती ताईंच्या नव्या मशिनवर सुरू करून दिली आणि काकांना दाखवली.

“हे आधीच विचारलं असतं,” काका म्हणाले, “तर तुला एवढे फोन केले असते का?”

केले असते. हल्ली फोन येतो तो “अगं, अलाऊ दाबू की डिनाय?” असा, आणि मी मीटिंगमध्ये आहे म्हटलं तर काका लाइनवर थांबतात.